भारनियमनाच्या वर्षांतील वसईचा किनारा

महोत्सवाच्या स्मरणपुस्तकांत काय यावें याचा एक प्रघात पडून गेला आहे. देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, धर्मगुरु कोण कोण होऊन गेले, शाळा कशी उभी राहिली, हें सर्व त्यांत यथास्थित येतें व यावयासहि पाहिजे. परंतु ज्या लोकांसाठीं तें देऊळ बांधलें ते लोक सायंकाळीं सात वाजतां आपापल्या घरांत काय करीत होते, याचा वृत्तान्त अशा पुस्तकांत क्वचितच सांपडतो. आम्हीं प्रस्तुत लेखांत तोच विषय घेतला आहे. नायगांवच्या खाडीपासून अर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या आमच्या किनाऱ्यावर, चालू शतकाच्या पहिल्या दशकांत, वेळापत्रकाबरहुकूम येणाऱ्या अंधाराचीं जीं वर्षें गेलीं त्यांची ही हकीकत आहे.

सरकारी कागदांत या गोष्टीस भारनियमन असें भारदस्त नांव होतें. लोकांच्या तोंडीं लोडशेडिंग हा शब्द बसला, आणि घराघरांतून तर ‘लाइट गेली’ एवढ्या दोन शब्दांवर काम भागे. एका तपाहून अधिक काळ लोटल्यामुळें त्या वर्षांविषयीं दोन निरनिराळ्या कथा आमच्या गांवांत सांगितल्या जाऊं लागल्या आहेत. वडील माणसें म्हणतात कीं, दिवे जात तेव्हां टीव्ही बंद पडत, घरचीं सर्व माणसें एकत्र बसत आणि जपमाळेची प्रार्थना पुन्हां घरोघर ऐकूं येऊं लागली होती. तरुण मंडळींस आठवतें तें ओट्यावरचें चांदणें, पकडापकडीचा खेळ आणि अभ्यासास आयती मिळालेली सुटी. दोन्ही कथांत सत्य आहे. परंतु इतिहास या दोन कथांच्याच हवालीं केला तर त्या काळीं कोणाचें काय गेलें हें पुढील पिढीस कधींच कळणार नाहीं, म्हणून हा खटाटोप.

आमच्या किनाऱ्यास वेळापत्रकाची संवय नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. दोन वेळापत्रकें आम्ही पिढ्यान् पिढ्या पाळीत आलों. एक देवळाच्या घंटेचें: पहांट, माध्यान्ह व सायंकाळ अशी त्रिकाळ प्रार्थनेची घंटा होई आणि तिच्यावर वाडींतलें काम, जेवण व दिवेलागण बेतलेली असे. (घंटेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों: १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें वसई घेतल्यावर येथल्या देवळांच्या कित्येक घंटा घाटावर गेल्या, नाशिकास नारोशंकराच्या देवळांत टांगलेली मोठी घंटा त्यांतलीच समजली जाते. आमची वेळ दुसऱ्यांच्या देवळांत वाजूं लागली, परंतु आमचा दिवस कांहीं त्यामुळें थांबला नाहीं.) दुसरें वेळापत्रक समुद्राचें. भरती दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. आज सहाला आलेली उद्यां सातच्या सुमारास येते. उधाणाच्या दिवसांत डोळ टाकावयाची, भांगाच्या दिवसांत जाळीं सांधावयाचीं, हा कोळ्यांचा पंचांगाहून पक्का हिशेब. हीं दोन्ही वेळापत्रकें कडक होतीं, परंतु तीं पाळणाऱ्यास त्यांचें कारण ठाऊक होतें. तिसरें वेळापत्रक छापील कागदावर आलें, आणि त्याचें कारण समजून घेण्यास आम्हांस फार वेळ लागला.

त्याआधीं दिव्याची कथा सांगितली पाहिजे. उंडीच्या बियांचें कडू तेल जाळणारीं घरें कोंकणपट्टींत एके काळीं पुष्कळ होतीं. मागाहून घासलेट आलें आणि त्याबरोबर पत्र्याची चिमणी, कांचेचा कंदील व लग्नकार्यांत पेट्रोमॅक्सची बत्ती. विजेशीं आमची पहिली ओळख झाली ती घरांत नव्हे, रुळांवर. १९३६ सालीं विजेच्या गाड्या बोरीवलीच्या पुढें विरारपर्यंत धांवूं लागल्या. झगझगीत डब्यांची गाडी वसई रोड स्टेशनावरून निघून जाई आणि तेथून थोड्या अंतरावरच्या वाड्यांत चिमणीच तेवत असे. आणि ही स्थिति कांहीं एक-दोन वर्षें नव्हे, पुष्कळ काळ टिकली. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ २० जून १९६० रोजीं स्थापन झालें, आणि त्यानंतरच्या काळांत खांब व तारा एकेका पाखाडींत शिरून घरोघर पोंचल्या.

वीज घरांत आली त्याहून ती वाडींत आली हें अधिक महत्त्वाचें होय. वसईची वाडी म्हणजे केळी, पानवेल, फुलझाडें व भाजीपाला. आणि हें सर्व पाण्यावर. पूर्वीं पाणी काढण्यास रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, माळेंतले लोटे एकामागून एक वर येत आणि पाणी पन्हळींतून पाटांत पडे. रहाटाखालीं विहीर असे किंवा बावखल. हा शब्द आमच्या मुलांस आतां समजावून सांगावा लागतो. बावखल म्हणजे वाडींतच खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरे, मग हळूहळू जमिनींत झिरपे, भोवतालच्या विहिरींस पाणी पुरवी आणि समुद्राकडून आंत सरकणाऱ्या खाऱ्या पाण्यास अटकाव करी. रहाट संथ चाले; जनावर थकलें कीं थांबे; म्हणून विहिरीसहि पुन्हां भरण्यास अवकाश मिळे. तेलावरचीं इंजिनें आलीं, आणि त्यांच्यामागून विजेचा पंप आला. पंपास थकवा नाहीं. रहाटानें दिवसभर खपून जें करावें तें तो घटकाभरांत करूं लागला. तेव्हां बैल विकले गेले, रहाट मोडींत निघाले, आणि बावखलें कोणीं बुजविलीं, तर कोणीं केरकचऱ्यानें भरूं दिलीं. पुढें रेल्वेलगतच्या नव्या वसाहतींस पाणी विकणारे टँकर वाड्यांतून फिरूं लागले, तेव्हां पंपांस रात्रहि पुरेना, आणि कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें जें आंदोलन उभें केलें, त्यांत पाण्याचा हा प्रश्न अग्रभागीं होता.

भारनियमन आलें तें अशा गांवांवर. जुनें साधन हातचें गेलेलें आणि नव्यावांचून एक दिवस चालावयाचें नाहीं, अशी आमची स्थिति होती. आम्हांस वाटतें, या प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. आमच्या आजोबांच्या घरीं रात्रीं अंधारच असे, परंतु त्या अंधारानें त्यांचें पाणी तोडलें नव्हतें.

आतां वीज अपुरी कां पडली तें सांगतों. धान्याप्रमाणें वीज कोठारांत भरून ठेवण्याची मोठी सोय तेव्हां नव्हती. जितकी मागणी तितकें उत्पादन क्षणोक्षणीं व्हावें लागतें. हा तोल बिघडला म्हणजे दर सेकंदास ५० आवर्तनें ही विजेची ठरलेली गति मंदावूं लागते, आणि ती फार मंदावली तर सगळें जाळें एकदम कोसळतें. तें कोसळूं नये म्हणून कांहीं भागांचा पुरवठा पाळीपाळीनें तोडावयाचा, हें भारनियमनाचें तत्त्व. रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ सालीं सुरू झाला व २००१ च्या मे महिन्यांत बंद पडला. दुसरीं केंद्रें मागणीच्या वेगानें उभीं राहिलीं नाहींत. ६ जून २००५ रोजीं विद्युत् मंडळाचें निरनिराळ्या कंपन्यांत विभाजन होऊन वितरणाचें काम महावितरणाकडे गेलें. त्या सुमारास व पुढें कांहीं वर्षें, कमाल मागणीच्या वेळीं राज्यांत चार ते पांच हजार मेगावॅटची तूट पडत असे.

कोणाचा पुरवठा किती तास तोडावा हें ठरविण्याचें मुख्य माप गरज हें नव्हतें. ज्या विभागांत वीजगळती व थकबाकी अधिक, तेथें अधिक तास अंधार. जेथें कमी, तेथें कमी. असे गट पाडण्यांत आले. हिशेबाच्या दृष्टीनें तें सयुक्तिक असेल. परंतु तारेवर आंकडा टाकणारा आणि बिल आल्याच्या दुसऱ्या दिवशीं रांगेंत उभा राहणारा, हे दोघे एकाच फीडरवर असल्यास शिक्षा दोघांस सारखीच होई. ही सामुदायिक शिक्षा आम्हांस तेव्हां पटली नाहीं व अद्यापहि पटत नाहीं.

याहून मनास लागणारी गोष्ट होती खाडीची. वसईच्या खाडीपलीकडे दक्षिणेस भाईंदर व उत्तनचा किनारा आहे. तेथेंहि आमचेच भाऊबंद राहतात. श्रद्धा तीच, मासळीहि तीच, भाषेचा हेल थोडा निराळा, आणि सोयरिकी तर दोहों बाजूंस. मीरा-भाईंदरचा पुरवठा मुंबईच्या उपनगरांस वीज देणाऱ्या खाजगी कंपनीकडे होता; आमचा राज्याच्या कंपनीकडे. मुंबई व तिचीं उपनगरें भारनियमनांतून वगळलेलीं होतीं. त्यामुळें सायंकाळीं आमच्या बंदरावर उभें राहिलें असतां पलीकडच्या दिव्यांचा उजेड आभाळांत दिसे, आणि अलीकडे आपलाच हात आपणांस दिसत नसे. खाडीपलीकडे दिलेल्या लेकी माहेरीं आल्या म्हणजे त्यांचीं मुलें पंख्यावांचून रडत, आणि आजीबाई विंझणा हलवीत, पलीकडचें राज्य निराळें आहे असें थट्टेनें म्हणत.

उत्तरेकडे पाहिलें तरी हाच प्रकार. डहाणूस १९९५ पासून ५०० मेगावॅटचें कोळशावरचें केंद्र चालूं होतें, आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठीं होती. तारापूरचें अणुवीजकेंद्र तर १९६९ पासूनचें. त्याचे प्रत्येकीं ५४० मेगावॅटचे दोन नवे संच २००५ व २००६ या सालीं, म्हणजे नेमके आमच्या अंधाराच्या वर्षांत, चालू झाले. त्यांच्यासाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं किनाऱ्यावरचीं गांवें उठवावीं लागलीं. तेथली वीज पश्चिम भारताच्या जाळ्यांत जाऊन निरनिराळ्या राज्यांत वांटली जाते. अशा रीतीनें वीज आमच्याच किनाऱ्यावर जन्मत होती आणि अंधारहि आमच्याच वांट्यास येत होता. यांत कोणाचा कट होता असें आम्ही म्हणत नाहीं. करार तसे झालेले होते. ज्यांनीं ते केले त्यांस आमच्या पाखाडींचीं नांवेंहि ठाऊक नसावींत.

वाडीवाल्याचा दिवस त्या काळांत कसा जाई तें पाहूं. मोगरा व चाफा यांच्या कळ्या पहांटे, ऊन चढण्यापूर्वीं, खुडाव्या लागतात आणि टोपल्या भरून पहिल्या गाड्यांपैकीं एखादी गांठून दादरच्या बाजारांत न्याव्या लागतात. पहांटेची पाळी अंधाराची असली म्हणजे अंगणांतला दिवा नाहीं; मग एकानें टॉर्च धरावयाची व दुसऱ्यानें खुडावयाचें, आणि एका माणसाचें काम दोघांचें होई. शिंपण्याचे हाल याहून वाईट. दिवसा वीज मिळाली नाहीं तर शिंपणें रात्रीं. वीज केव्हां आली हें निजलेल्या माणसास कळावें म्हणून खोलींतल्या दिव्याचा खटका खालींच ठेवीत. दिवा पेटला कीं उठावयाचें, पंप सुरू करावयाचा आणि काळोखांत केळींच्या आळ्यांतून पाटाचें तोंड बदलीत फिरावयाचें. सापाकिरडांचें भय निराळें. त्यांतहि वीज येतांच सगळ्यांचे पंप एकदम सुरू होत, दाब उतरे आणि एखाद्याची मोटार जळे. मोटारींचें वाइंडिंग करणाऱ्या कारागिरांस त्या वर्षांत मान वर करावयास उसंत नव्हती. पंप जळला म्हणजे आठवडा गेला. आणि उन्हाळ्यांत पानवेलीस आठवडाभर पाणी नाहीं याचा अर्थ वाडीवाल्यास सांगावा लागत नाहीं.

कोळीवाड्यांत अडचण निराळी होती. डोळींत सांपडणारा बोंबील हा अति नाजूक मासा; तो बर्फांत तरी गेला पाहिजे नाहीं तर वलांडीवर तरी. पावसाची चिन्हें असलीं म्हणजे वलांडीचा भरवसा नाहीं, आणि मग सर्व भिस्त बर्फावर. बर्फाची मोठी लादी गोठण्यास दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. मिठाच्या पाण्याच्या टांक्यांत डबे बुडवून ती गोठवितात, आणि मध्येंच तास न् तास वीज गेली कीं टांकें उबतें व लादी पोकळ राहते. कारखानदारानें डिझेलवर जनरेटर चालविला तर त्याचा भार बर्फाच्या भावांत येणार, आणि तो उचलणार होडीवाला. पाचूबंदर असो कीं अर्नाळा असो, होडी येण्याची वेळ भरती ठरवी आणि बर्फाची वेळ वेळापत्रक ठरवी. भरती रोज सरके, वेळापत्रक सरकत नसे. कधीं दोघांचें जुळे, कधीं जुळत नसे, आणि न जुळलें त्या दिवशीं घाऊक व्यापारी सांगेल त्या भावानें पाटी रिती करावी लागे. मासे विकणाऱ्या बायांनीं या काळांत जी घासाघीस केली व जें नुकसान सोसलें त्याची नोंद कोणत्याहि कचेरींत नाहीं.

घरांतील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल, कारण ती सर्वांस ठाऊक आहे. विहिरीचें पाणी गच्चीवरील टांकींत चढविण्यासाठीं मोटार, म्हणून वीज गेली कीं नळ कोरडा. माळ्यावर ठेवलेली कळशी व दोर पुन्हां खालीं आले. मिक्सर आल्यावर अंगणांत कोपऱ्यास गेलेला पाटा-वरवंटा धुऊन घेण्यांत आला. पिठाच्या गिरणीवर वीज येण्याच्या वेळेस डब्यांची रांग लागे आणि माणसांऐवजीं डबेच रांगेंत उभे असत. मार्च महिन्यांत शालान्त परीक्षेचे विद्यार्थी मेणबत्तीशीं झोंबत. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांचें काय होई तें त्यांच्या सुनांस विचारावें.

लवकरच इन्व्हर्टर आले, आणि त्यांबरोबर अंधाराचीहि वांटणी झाली. आखातांत किंवा बोटीवर नोकरीस असलेला मुलगा ज्या घरीं होता त्या घरीं दोन पंखे व चार दिवे चालूं राहिले. शेजारच्या घरीं मेणबत्ती. पूर्वीं चिमणीच्या काळीं सगळी पाखाडी एकाच उजेडांत बसे. बॅटरी भरतांना कांहीं वीज वायां जाते, म्हणजे ज्या तुटीमुळें इन्व्हर्टर घ्यावा लागला त्या तुटींत तो भरच घालीत होता. परंतु घामानें निथळणाऱ्या माणसास हें शास्त्र सांगून काय उपयोग?

धर्मजीवनावर परिणाम झाला तो दोन प्रकारचा, आणि त्यांतील एकाविषयीं आमच्यांत फारसें बोललें जात नाहीं. विजेचा भार सर्व दिवसांवर विभागला जावा म्हणून कारखान्यांची साप्ताहिक सुटी निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वारीं ठेवण्याची पद्धति पडली होती. वसईकडील कारखान्यांत ती बहुधा शुक्रवारीं असे. ज्या धर्मग्रामांत रविवार हा प्रभूचा दिवस, त्या धर्मग्रामांतील तरुण रविवारीं सकाळीं डबा घेऊन कामावर निघत. कित्येकांनीं पहांटेची मिसा गांठली, कित्येकांनीं सायंकाळची. आणि कित्येक, खरें सांगावयाचें तर, हळूहळू यावयाचे थांबले. देवळांतील रिकाम्या बाकांचीं कारणें शोधणाऱ्यांनीं हेंहि एक कारण आपल्या यादींत लिहून ठेवावें.

दुसरा परिणाम जपमाळेचा. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि पाऊस सरून ऊन तापल्यामुळें विजेच्या ओढीचाहि तोच महिना. पाखाडींतल्या क्रुसाजवळ किंवा एकेकाच्या ओट्यावर मेणबत्त्या लावून मंडळी जमत, ही गोष्ट खरी आहे. टीव्हीवरील मालिकांचा वेळ मोकळा झाल्यामुळें ज्यांचे पाय एरवीं घराबाहेर पडत नसत तेहि येऊन बसत. अंधारांत म्हटलेल्या प्रार्थनेंत शेजाऱ्याचा आवाज कोणता हें ओळखूं येतें, आणि आजारी शेजाऱ्याचा आवाज आज नाहीं हेंहि. परंतु त्याच वेळीं घरांत एक बाई चुलीपाशीं उभी असे. तिला नळाचें पाणी नव्हतें, गिरणीचें पीठ मिळालें नव्हतें, मसाला पाट्यावर वाटावयाचा होता आणि मुलाचा गृहपाठ मेणबत्तीवर करून घ्यावयाचा होता. ओट्यावरून येणारें ‘नमो मरिये’ तिनें आंतूनच म्हटलें. त्या वर्षांत आमची भक्ति वाढली असें जे म्हणतात, त्यांनीं तिच्यापाशीं एकदां चौकशी करावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. वेळापत्रक हें पाळलें जाई तोंवर माणूस त्याच्याशीं जुळवून घेतो. साखरपुडा, नोव्हेना, पाखाडीची सभा, सर्व कांहीं त्या कागदाकडे पाहून ठरूं लागलें होतें. स्वयंपाकघराच्या दारावर तारवाल्यांच्या सणांच्या यादीप्रमाणें तो कागद चिकटविलेला असे. परंतु तूट वाढली कीं कागदाबाहेरचाहि अंधार येई, आणि पावसाळ्यांत झाडाची फांदी तारेवर पडली तर हा अंधार वेळापत्रकाचा कीं वाऱ्याचा हें समजण्यास मार्ग नसे. विचारपूस करणाऱ्यांस टेलिफोनवर उत्तर मिळालें तर नशीब. लोकांचा राग अंधारापेक्षां या अनिश्चितपणावर अधिक होता, आणि त्या वर्षांत राज्यांत ठिकठिकाणीं वीज कचेऱ्यांवर जे मोर्चे गेले त्यांच्या मुळाशीं हेंच दिसून येतें.

पुढें नवीं केंद्रें उभीं राहिलीं, खाजगी कंपन्यांची वीज विकत मिळूं लागली, आणि २०१२ च्या अखेरीपर्यंत राज्याच्या बहुतेक भागांतून नियमित भारनियमन उठलें. आमच्याकडे तें गेलें तेव्हां कोणी घंटा वाजविली नाहीं. दाराचा कागद पिवळा पडला, आणि एके दिवशीं रंगकाम निघालें तेव्हां खरवडून टाकण्यांत आला. त्यानंतर १२ ऑक्टोबर २०२० रोजीं जाळ्यांत बिघाड होऊन खुद्द मुंबईची वीज कांहीं तास गेली व लोकल गाड्याहि उभ्या राहिल्या. खाडीपलीकडच्या आप्तांस त्या दिवशीं अलीकडून जे फोन गेले त्यांत सहानुभूति होती, आणि थोडी मौजहि होती, हें कबूल केलें पाहिजे. एप्रिल २०२२ मध्यें कोळशाच्या टंचाईमुळें महावितरणानें कांहीं दिवस पुन्हां भारनियमन केलें.

बावखलांकडे मात्र लोकांचें लक्ष पुन्हां गेलें आहे. गेल्या कांहीं वर्षांत वसईंतील तरुणांनीं व कांहीं वाडीवाल्यांनीं त्यांतला गाळ उपसून, त्यांची मोजदाद करून, जीं उरलीं तीं राखण्याचें काम हातीं घेतलें आहे. रहाट परत आलेले नाहींत व यावे असें कोणी म्हणतहि नाहीं. त्यांचीं लोखंडी चाकें कोठें कोठें विहिरीच्या कांठावर गंजत पडलेलीं दिसतात.

मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें. झाडें व खांब आडवे झाले आणि पुष्कळ गांवें अंधारांत बुडालीं. इन्व्हर्टर पहिल्याच रात्रीं थकले. तेव्हां जुन्या पेट्या उघडून कंदील काढण्यांत आले. कांचा शाबूत होत्या, वातीहि सांपडल्या. परंतु घासलेट आतां कोठें मिळतें हें पाखाडींत कोणासच सांगतां येईना.